पूजेतला लॅपटॉप

लॅपटॉपवर कुंकवाचं बोट ओढलेलं होतं, वर झेंडूचं फूल होतं आणि शेजारी पाने, हातोड्या, पकडी अशी ओळीनं मांडणी होती. समोर उत्तमचे वडील दौलूमामा मांडी घालून बसले होते. मी दारातच चपला काढल्या आणि म्हटलं, “मामा, उत्तम कुठाय? लॅपटॉप घेऊन लगेच निघायचंय.”

“उत्तम जोतिबाला गेलाय,” ते म्हणाले. “बस पोरी. परसाद घे.”

उत्तमची मोटरसायकल बाहेर भिंतीला टेकून उभी होती. गेला असेल कुणाच्या तरी मागं बसून, म्हणून मी ते मनावर घेतलं नाही. मला प्रसाद नको होता, बसायलाही नको होतं. खंडेनवमी असल्यामुळे सगळं उद्यमनगर गप्प होतं. एरवी तिथं बोलायचं तर ओरडावं लागतं, आणि त्या दिवशी मात्र माझाच आवाज मला फार मोठा वाटत होता. लेथ मशिनांना हार घातलेले, शटरं अर्धी ओढलेली, माणसं नवे कपडे घालून मशिनांसमोर उदबत्त्या लावत होती. कोल्हापुरात हत्यारांचा हा एक दिवस असतो. त्या दिवशी त्यांना कामाला जुंपायचं नाही, दुसऱ्या दिवशी सोनं लुटून झालं की मगच उचलायचं.

आणि त्याच दिवशी माझ्या नवऱ्याची गाडी गगनबावड्याच्या घाटात बंद पडली होती.

अभिनंदन एका मोठ्या शोरूममध्ये गाड्या विकायचा. विकायचा म्हणजे काय, समोरच्याला बोलता बोलता गाडीत बसवायचा आणि तो माणूस उतरायचा तो मालक होऊनच. आम्ही कॉलेजपासूनचे, त्यामुळे आमच्यात अरे-तुरे होतं. सासूबाईंना ते शेवटपर्यंत रुचलं नाही. त्या म्हणायच्या, नवऱ्याला अरे म्हणणारी बायको त्याला काय मान देणार. मान वगैरे मी फारसा दिला नाही हे खरं, पण विश्वास पुष्कळ टाकला.

शोरूममधल्या लोकांना सवलतीत गाडी मिळायची. अभिनंदननं त्या योजनेतून टर्बो इंजिनाची गाडी घेतली. योजनेची अट सरळ होती: गाडीच्या मूळ रचनेत फेरफार करायचा नाही. केला तर इंजिनाची हमी रद्द आणि नोकरीही गेली. बाहेरच्या गिऱ्हाइकाची फक्त हमी जायची, यांची भाकरी जायची. ज्या माणसानं दिवसभर लोकांना हमीची कलमं वाचून दाखवायची, त्यानंच ती मोडली तर कंपनी त्याला ठेवणार कशाला?

टर्बो म्हणजे इंजिनात हवा कोंबणारा पंखा, एवढं मला कळलं होतं. कंपनी तो पंखा जपून चालवते, कारण इंजिन वर्षानुवर्षं टिकायला हवं. उत्तम लोहार स्टिअरिंगखालच्या एका खाचेत वायर लावायचा, लॅपटॉपवरून गाडीच्या कॉम्प्युटरमधली फाइल काढून घ्यायचा आणि आपली घालायचा. मग पंखा जास्त हवा कोंबायचा, पेट्रोल जास्त पडायचं आणि गाडी वेड्यासारखी पळायची. त्याच्याकडे सांगलीपासून बेळगावपर्यंतची पोरं गाड्या घेऊन यायची. अभिनंदननंही गाडी नेली, आणि आल्यावर मला सांगितलं. लपवलं नाही, हे कबूल केलं पाहिजे.

मी म्हटलं, कुकरच्या शिट्टीवर बोट दाबून धरायचं आणि वरण लवकर शिजलं म्हणून नाचायचं, त्यातला हा प्रकार. तो हसला. मला हसू येत नव्हतं. माझा पहिला प्रश्न नोकरीचा होता.

“अगं, सगळे करतात,” तो म्हणाला. “सर्व्हिसिंगच्या आदल्या दिवशी उत्तम जुनी फाइल परत टाकतो. कंपनीनं यंत्र लावलं तरी गाडी जशीच्या तशी दिसते. काम झालं की पुन्हा आपली टाकायची.”

“आणि अचानक काही झालं तर?”

“तर आधी उत्तमला बोलवायचं, मग कंपनीला. इंजिन गेलं तरी कॉम्प्युटर जिवंत असतो. जुनी फाइल उत्तमकडे आहे तोवर आपल्याला कोणी हात लावू शकत नाही.” त्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवला. “तुझी शपथ. नोकरीला धक्का लागू देणार नाही.”

पहिलं सर्व्हिसिंग खरंच तसं पार पडलं. मी आपली गप्प बसले. पुढे वर्ष बरं गेलं. शोरूममध्ये त्याला विक्रीचा मुख्य करणार, असं बोललं जाऊ लागलं आणि दसऱ्याला ते जाहीर होणार हे पक्कं झालं. घरच्या माणसांना बोलावणं होतं. मी नवी साडी काढून ठेवली होती.

खंडेनवमीला तो गगनबावड्याच्या एका गिऱ्हाइकाला आपली गाडी दाखवायला घेऊन गेला. सावंत नावाचे गृहस्थ होते, दुसऱ्या दिवशी त्यांनाही तसलीच नवी गाडी न्यायची होती, आणि त्यांना घाटातली ओढ बघायची हौस आली. अभिनंदननं ती दाखवली. चढावर ट्रकला ओलांडताना आत काहीतरी फुटलं, मागून पांढरा धूर निघाला आणि गाडी जागेवर बसली. अभिनंदन बॉनेट उघडून बघतोय तोवर सावंतांनी आपुलकीनं कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन करून टाकला. गाडी उचलून न्यायला कोल्हापुरातून ट्रक निघाला.

हे सगळं त्यानं मला फोनवर सांगितलं. उत्तमचा फोन बंद लागतोय, तू उद्यमनगरात जा, त्याला लॅपटॉपसकट कुणाच्याही गाडीत घालून पाठव. ट्रक पोचायच्या आत फाइल बदलली पाहिजे. फुलेवाडीहून मी स्कूटर काढली. वाटेत रिकामा ट्रक दिसला की मी मान वळवून बघायची, हाच असेल का म्हणून.

उत्तम नव्हता. म्हणून मी दौलूमामांना म्हटलं, नुसता लॅपटॉप द्या. अशी कामं करणारं दुसरं कोणी शोधते, गल्लीत मिळेल कोणीतरी.

“आज न्हाई मिळायचा,” ते म्हणाले.

“मामा, ते काय हत्यार आहे का?”

“माझ्या पोराचं हत्यार त्येच हाय. माझा घण, त्याचा ह्यो. पूजा झालीया. आज हालवायचा न्हाई.”

मी सगळं सांगितलं. नोकरीचं, अटीचं, उद्याच्या बढतीचं, अगदी नव्या साडीचंही सांगितलं असावं, कारण माझं तोंड माझ्या ताब्यात नव्हतं. ते ऐकत होते आणि समोरच्या समईकडे बघत होते. मधेच त्यांनी वात सारखी केली. मला त्या वातीचा राग आला. माझं घर बुडतंय आणि हा माणूस वात सारखी करतो.

मी हात पुढे केला. त्यांनी आपला पंजा लॅपटॉपवर ठेवला. जन्मभर घण मारलेला तो हात.

मग मी त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. आयुष्यात मी देवासमोरसुद्धा तशी पडले नव्हते. त्यांनी पाय आखडून घेतले.

“असं करू नगं, पोरी,” ते म्हणाले. “माझ्या पाया पडू नगं.”

“मग द्या ना, मामा.”

“न्हाई जमायचं.”

दोन-तीन कारखान्यांतले लोक दारात येऊन उभे राहिले. एकानं दौलूमामांना हळूच म्हटलंसुद्धा, की द्या की अण्णा, बाईमाणूस रडतंय. एवढं देवाला चालतंय. दौलूमामांनी त्याच्याकडेही बघितलं नाही. माझ्याकडे एकदा बघितलं, आणि लगेच नजर खाली घातली.

मी बाहेर येऊन अभिनंदनला फोन लावला. मामा देत नाहीत, असं सांगताना मला हुंदका आवरेना. तो म्हणाला, “असू दे. तू घरी जा. ऊन लागेल.” इतका शांत बोलला की मला त्याचीच दया आली. बिचारा, सगळं गेलं तरी माझ्या उन्हाची काळजी करतोय.

दुसऱ्या दिवशी दसरा. शोरूमच्या आवारात नव्या गाड्यांची रांग, प्रत्येकीला हार, काचेवर स्वस्तिक, चाकाखाली लिंबू. अभिनंदन टाय लावून किल्ल्या देत होता, फोटोत हसत होता. सावंतही आले होते, त्यांनी सहज विचारलं, तुमच्या गाडीचं काय झालं? तो म्हणाला, होईल की, हमीत आहे. मी शेजारी नव्या साडीत उभी होते. मागच्या बाजूला, वर्कशॉपच्या दारात, आमची गाडी तोंड उघडून उभी होती आणि तिच्या स्टिअरिंगखालून कंपनीच्या यंत्राची वायर बाहेर आली होती.

शेवटची किल्ली देऊन झाल्यावर आम्हाला वर बोलावलं. मला का बोलावलं ते कळलं नाही. बहुधा घरची माणसं म्हणून आधीच ठरलेलं होतं आणि कोणी ते रद्द केलं नव्हतं. सर्व्हिसचे मुख्य देशिंगकर साहेब बोलले. भला माणूस होता. आवाज चढवला नाही.

“चौगुले, गाडीतली फाइल कंपनीची नाही. हवेचा दाब वाढवलाय, त्यानं पिस्टन वितळलाय. मला हे वर कळवावं लागेल. तुम्हीच राजीनामा दिलात तर मी फक्त हमी नाकारल्याचं कळवीन. दुसरीकडे कुठं तरी उभे राहाल.”

अभिनंदननं तिथंच कागद मागितला. त्याची सही फार वळणदार होती, त्याला तिचा अभिमान होता. त्या दिवशी ती कशीबशी उमटली. टेबलावर पेढ्यांचा पुडा होता, तो कोणी उघडला नाही.

खाली येताना जिन्यात तो पहिल्यांदा बोलला. “म्हाताऱ्यानं घात केला.”

ते वाक्य आमच्या घरात शिरलं आणि राहिलंच. त्या संध्याकाळी सोनं द्यायला आलेल्या प्रत्येकानं ते ऐकलं. एक लोहार, एक लॅपटॉप, एक झेंडूचं फूल आणि आमचं वाटोळं. लोक हळहळायचे. काही जण म्हणायचे, आजच्या काळात असली अंधश्रद्धा. मी सगळ्यात पुढे. दौलूमामांनी वात कशी सारखी केली, पाय कसे आखडले, हे मी हातवारे करून दाखवायची. अभिनंदन ऐकताना मान हलवायचा. बोलणं संपलं की उठून अंगणात जायचा.

राजीनामा देऊनही व्हायचं ते झालंच. कोल्हापुरात मोटारींचा धंदा म्हणजे एकच गल्ली. सगळ्यांना सगळं कळतं. कोणत्याही शोरूमनं त्याला उभं केलं नाही. जुन्या गाड्यांची दलाली करून पाहिली, पण आपल्याच शब्दावर आपला भरवसा नसला की समोरच्याला ते कळतं. पुढे टायरच्या दुकानात बसू लागला, तेही सुटलं. मी एका दवाखान्यात नावं नोंदवायच्या कामाला लागले. गावाकडे राहणाऱ्या सासूबाई गेल्या, त्या मुलाची बढती झाली असं समजूनच गेल्या, कारण त्यांना सांगायची हिंमत कोणाची झाली नाही. मूल व्हावं असं आम्ही दरवर्षी ठरवायचो आणि दरवर्षी म्हणायचो, जरा सावरू दे. सावरलं नाही. इंजिन जळालेली गाडी अंगणात ताडपत्रीखाली उभी होती. ना विकली, ना दुरुस्त केली. अभिनंदन तिला टेकून बसायचा.

तरी एक सांगते, त्या वर्षांत मी त्याला दोष दिला नाही. गाडीत बदल करायचा मूर्खपणा त्याचाच, हे मला कळत होतं. पण त्यानं शब्द दिला होता आणि शब्द पाळायची सगळी तयारी होती, आडवा आला तो म्हातारा. एवढ्या एका गोष्टीवर मी उभी होते. दिवसभर दवाखान्यात लोकांची नावं लिहून घरी यायचं, भात टाकायचा, आणि जेवताना कधी एकानं, कधी दुसऱ्यानं दौलूमामांचा विषय काढायचा. त्यांना शिव्या देताना आम्ही दोघं एका बाजूला असायचो. बाकी वेळ कोण कुठल्या बाजूला आहे, काही समजायचं नाही.

मग एका रविवारी सकाळी उत्तम दारात उभा राहिला. डोकं नुकतंच भादरलेलं, वर पांढरे खुंट आलेले. दौलूमामा गेले होते, तेरावं होऊन तो आला होता. अभिनंदन दळण आणायला गेला होता. मी उत्तमला आत ये म्हटलं नाही.

“वहिनी, बाबांचं एक काम ऱ्हायलंय,” तो उंबऱ्याबाहेरूनच म्हणाला. “त्येवढं करून जातो.”

मी म्हटलं, त्यांचं आता काय राहिलंय, सगळं तर केलं त्यांनी.

त्याला ते लागलं नाही, किंवा लागलं तरी त्यानं दाखवलं नाही. “त्या दिवशी लॅपटॉपात जुनी फाइलच नव्हती. पावसाळ्यात जुना लॅपटॉप मेला. सगळ्या गाड्यांच्या फायली त्यात गेल्या. पूजेत मांडलेला नवा होता, रिकामा.”

मला नीट कळेना. मी विचारलं, मग मामांनी तसं सांगितलं का नाही? रिकामा आहे म्हणाले असते तर मी उठून गेले असते. पाया कशाला पडले असते?

“ह्ये बाहेर पडलं असतं तर माझं दुकान त्याच दिवशी बंद झालं असतं, वहिनी. त्या फायलींच्या भरवशावर पोरांच्या गाड्या फिरत होत्या. मी आत माळ्यावर बसून ऐकत हुतो सगळं. तुमचं रडणं बी. पण बाबा तयार झाले ते माझ्यासाठी न्हाई. अभिदादाचा फोन आला हुता त्यास्नी. तुम्ही यायच्या आधी.”

“कशाला?”

“अभिदादाला पावसाळ्यातच सांगितलं हुतं मी, फाइल गेली म्हणून. त्यो बाबांना म्हणाला, शरयू येतीया. तिला मी तिच्या डोक्यावर हात ठेवून शब्द दिलाय. फाइल न्हाई ह्ये तिला कळू देऊ नका. पूजेचं कारण सांगा, तुम्हीच आडवे व्हा. बाबा म्हणाले, तुझा संसार वाचत असंल तर मी हुतो वाईट.”

मी दाराची चौकट धरली होती, एवढं आठवतं.

“जाताना शुद्धीत हुते,” उत्तम म्हणाला. “म्हणाले, त्या पोरीनं खोट्या पूजेसमोर माझ्या पायावर डोकं ठेवलं, त्येवढं तिला सांगून ये.” त्यानं वाकून माझ्या पायांना हात लावला आणि तो गेला. मी त्याला पाणीही विचारलं नाही.

अभिनंदन आला तेव्हा मी अंगणातच उभी होते. त्यानं पिठाचा डबा कट्ट्यावर ठेवला. माझ्या तोंडाकडे बघितलं आणि विचारलं, “कोण आलं होतं?”

“उत्तम.”

तो गाडीला टेकून हळूहळू खाली बसला. मी त्याला काही विचारायच्या आधीच त्याला सगळं समजलं होतं. ताडपत्रीवरची धूळ त्याच्या पाठीला लागली, ती झटकायची सवय माझ्या हाताला होती. मी हात मागे घेतला.

“मला कशाला पाठवलंस?” मी विचारलं. “तिथं काही नाही हे माहीत असून मला त्या माणसाच्या पाया पडायला कशाला पाठवलंस?”

तो जमिनीकडे बघत म्हणाला, “नोकरी गेलीच होती. ते घाटातच कळलं होतं. पण तुला दिलेला शब्दही मीच घालवला, हे कळलं असतं तर तू गेली असतीस. नोकरी गेली तरी तू राहावीस, एवढंच माझ्या डोक्यात होतं.”

मला त्याच्यावर ओरडायचं होतं. ओरडायला लागणारा रागच सापडेना. सगळा राग मी वर्षानुवर्षं एका परक्या म्हाताऱ्यावर खर्च करून बसले होते, आणि तो म्हातारा तेरा दिवसांपूर्वी जळून गेला होता.

“गेले नसते रे,” मी म्हटलं. “रागावले असते, आठ दिवस बोलले नसते. गेले नसते.”

त्यानं वर बघितलं. त्याचे डोळे भरले होते. त्यात कुठंतरी अजून आशा होती, आणि तीच मला बघवेना.

“आणि आता?” त्यानं विचारलं.

“आता कुठं जाऊ?” मी म्हटलं, आणि पिठाचा डबा उचलून आत गेले.

दुपारी आम्ही जेवायला बसलो. नेहमीसारखं एकमेकांसमोर. दौलूमामांचा विषय कोणी काढला नाही, त्यानंतर कधीच निघाला नाही. त्यांच्याशिवाय आमच्यात बोलण्यासारखं दुसरं काही उरलेलं नव्हतं, ते त्या जेवणात कळलं.